दुसऱ्यांची गाणी, तिचा आवाज

१९५६ साली अमेरिकेत ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ या एकाच नावाच्या दोन वस्तू बाजारात आल्या. एक पुस्तक, बिली हॉलिडे या जॅझ गायिकेचं आत्मचरित्र. दुसरी तिचीच लाँगप्ले तबकडी, बारा गाण्यांची. पुस्तक तिनं सांगितलं आणि विल्यम डफ्टी या पत्रकारानं लिहिलं. तबकडीत तिची स्वतःची गाणी होती, तशीच दुसऱ्यांचीही. गंमत अशी, की पुस्तकातले तपशील पडताळायला बसलं तर पहिल्या पानापासून अडखळायला होतं. तबकडी मात्र कुठेच खोटी वाटत नाही. म्हणून बिलीची कहाणी सांगताना मी तबकडीचा आधार जास्त घेणार आहे.

पुस्तकात तिच्या आईवडिलांचं लग्न होतं; प्रत्यक्षात ते कधीच झालं नाही. ७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फियात ती जन्मली, तेव्हा आई सेडी विशीच्या आतली आणि बाप क्लेरेन्स हॉलिडे तिच्याहूनही लहान. तो पुढे फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात गिटार वाजवू लागला. संसार काही त्यानं केला नाही. मुलीचं नाव एलिनोरा. ती बॉल्टिमोरमध्ये, बरीचशी परक्यांच्या आधारानं वाढली. शाळा बुडवते म्हणून नवव्या वर्षी तिला कॅथलिक जोगिणींच्या सुधारगृहात धाडण्यात आलं. १९२९ साली मायलेकी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहत होत्या. त्याच वर्षी वेश्यागृहावरच्या एका धाडीत दोघींना अटक झाली. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती.

पुढे ती क्लबांतून गाऊ लागली तेव्हा तिनं ‘बिली’ हे नाव बिली डव्ह या सिनेनटीवरून उचललं आणि आडनाव बापाचं लावलं. नावसुद्धा असं उसनवारीचं. १९३३ साली जॉन हॅमंड या जाणकारानं तिला हार्लेममध्ये ऐकलं आणि त्याच वर्षी बेनी गुडमनच्या साथीनं तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सनच्या ताफ्याबरोबर ती नियमित गाऊ लागली. त्या काळात ज्यूकबॉक्सला गाणी लागत, ती घाईनं गाऊन घेतली जात. गायिकेला ठरलेली रक्कम मिळे, रॉयल्टी नाही.

जॅझमध्ये ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, ती गाणी मुळात नाटका-सिनेमांची किंवा बाजारात खपायला लिहिलेली. पण ती वाजवून-गाऊन इतकी रुळतात, की आपल्याकडच्या जुन्या बंदिशीसारखी सर्वांची होतात. गाणाऱ्यानं तिचं काय केलं, एवढंच बघायचं. बिलीचा गळा जेमतेम दीड सप्तकाचाही नव्हता. तिला गुरू नव्हता. बेसी स्मिथ आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्या हेच तिचं शिक्षण. ती मूळ चाल खाली ओढून चार-पाच सुरांत बसवी आणि शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवी. साथीदार मात्रा मोजत पुढे चाललेले, ही जरा रेंगाळते. आता चुकणार असं वाटतं आणि नेमक्या जागी येऊन मिळते. त्या क्षणभराच्या उशिरात पोकळ शब्दालाही अर्थ येतो. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगबरोबर तर तिचा संवादच चाले. त्यानं तिला ‘लेडी डे’ म्हटलं, तिनं त्याला ‘प्रेझ’, म्हणजे वादकांचा राष्ट्राध्यक्ष.

१९३८ साली आर्टी शॉच्या गोऱ्या वाद्यवृंदात ती गायली. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलमध्ये व्यासपीठावर ती मुख्य गायिका होती. पण वर जायला मात्र सामानाची लिफ्ट. तिनं तो वाद्यवृंद सोडला. पुढल्या वर्षी काळे-गोरे एकत्र बसत अशा ‘कॅफे सोसायटी’त तिच्याकडे ‘स्ट्रेंज फ्रूट’ आलं. जमावानं झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं हे गाणं एबल मीरोपोल या शाळामास्तरानं लिहिलं होतं. ते शेवटी गायलं जाई. वेटरांनी थांबायचं, दिवे मालवायचे, प्रकाश फक्त तिच्या चेहऱ्यावर. कोलंबिया कंपनीनं ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. एप्रिल १९३९ मध्ये ‘कमोडोर’ या छोट्या कंपनीनं ते केलं. आत्मचरित्रात तिनं त्याच्या चालीचं श्रेय स्वतःकडेही घेतलं. ते खरं नव्हतं. शब्द आणि चाल दोन्ही मीरोपोलची. पण तिनं गायल्यानंतर ते दुसऱ्या कुणाचं वाटेना, हेही तितकंच खरं.

उलट गोष्ट ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ची. हे तिचं स्वतःचं, आर्थर हर्झोगबरोबर रचलेलं. आईच्या खाणावळीत तिनं पैसा ओतला, आणि एकदा गरज पडली तेव्हा आईनं हात वर केले. त्या भांडणातून गाणं आलं, असं ती सांगे. हर्झोगच्या म्हणण्याप्रमाणे तिचा वाटा यापेक्षा बराच कमी. वाद असू द्या. ज्याच्या गाठीला स्वतःचं काही आहे त्यालाच जग विचारतं, हा त्या गाण्याचा आशय तिला शिकवावा लागला नव्हता.

हेरॉइनचं व्यसन चाळिशीच्या दशकातलं. १९४७ साली तिला अटक झाली आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा. वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगातून मार्च १९४८ मध्ये सुटली आणि अकरा दिवसांनी कार्नेगी हॉल तुडुंब भरला. पण न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या जागी गायला पोलिसांचं ‘कॅबरे कार्ड’ लागे, ते तिचं काढून घेतलं गेलं. मोठ्या सभागृहात गायला हरकत नाही, छोट्या क्लबात बंदी. जॅझ तर क्लबातच जगतं. व्यसनाची शिक्षा तुरुंगात संपली होती. ही दुसरी शिक्षा मरेपर्यंत चालली, आणि मला ती अधिक क्रूर वाटते. ही कार्डपद्धत १९६७ साली रद्द झाली. तिला त्याचा उपयोग नव्हता.

१९५६ ची तबकडी या पार्श्वभूमीवर ऐकायची. ६ आणि ७ जूनला न्यूयॉर्कमध्ये आठ गाणी झाली, उरलेली चार १९५४ च्या ध्वनिमुद्रणातली. शीर्षकगीताचे शब्द तिचे, चाल पियानोवादक हर्बी निकोल्सची. ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ आणि ‘स्ट्रेंज फ्रूट’ तिनं पुन्हा गायली. शेजारी ‘विलो वीप फॉर मी’सारखी सर्वांची स्टँडर्ड गाणी. आवाज आता खरखरीत, वरचा सूर चिरकतो. पण लय तीच आणि शब्दाचं वजन वाढलेलं. यात तिचं कोणतं आणि परक्याचं कोणतं, हे फक्त वेष्टण वाचून कळतं. नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमध्ये गाण्यांच्या मध्ये आत्मचरित्रातले उतारे वाचून दाखवण्यात आले. मला वाटतं, गाण्यांना त्या उताऱ्यांची गरज नव्हती.

मार्च १९५९ मध्ये लेस्टर यंग गेला. मे अखेरीस बिली यकृत आणि हृदयाच्या विकारानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात दाखल झाली. तिथे अमली पदार्थ सापडल्याचं सांगून पोलिसांनी तिला खाटेवरच अटक केली. दाराशी पहारा बसला. १७ जुलै १९५९ रोजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती गेली. बँकेत सत्तर सेंट होते, अंगाशी साडेसातशे डॉलर. मृत्युपत्र नव्हतं. त्यामुळे तिच्या गाण्यांच्या उत्पन्नाचा वारस ठरला लुई मॅके, तिच्यापासून वेगळा राहणारा नवरा.