हँडल सुटले, बॅटरी आली

चावी फिरवली की मोटार सुरू होते, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र मोटार सुरू करणे हे अंगमेहनतीचे आणि जोखमीचे काम होते. चालकाने खाली उतरायचे, समोर वाकून लोखंडी हँडल अडकवायचे आणि सारी ताकद लावून ते फिरवायचे. इंजिनातली ठिणगी जरा लवकर पडली, की हँडल उलट झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून अंगठा मुठीभोवती न वळवता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, हा चालकाचा पहिला धडा असे. आपल्याकडे जुन्या जीपना आणि ट्रकना हँडल मारताना पाहिलेली मंडळी आजही आहेत. त्यांना यातली धास्ती वेगळी सांगायला नको.

हे हँडल माणसाच्या हातून सोडवणारे इंजिनिअर म्हणजे अमेरिकेतले चार्ल्स केटरिंग. गाडीची बॅटरी घरच्या घरी बदलायला निघालेल्याने पान्हा हाती घेण्याआधी या माणसाची ओळख करून घ्यावी, असे मला फार वाटते.

केटरिंग यांचा जन्म १८७६ सालचा, ओहायो राज्यातल्या एका शेतकरी घरातला. बुद्धी तल्लख, पण डोळे अधू. वाचायला बसले की डोके ठणके. कॉलेज अर्ध्यावर सोडून ते टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत दाखल झाले आणि खांबांसाठी खड्डे खणू लागले. मोकळ्या हवेत प्रकृती सुधारली, तसे ते पुन्हा शिकायला गेले. १९०४ साली, बरोबरीची मुले केव्हाच नोकरीला लागलेली असताना, त्यांच्या हाती इंजिनिअरिंगची पदवी आली.

पहिली मोठी नोकरी मिळाली ती डेटन शहरातल्या कॅश रजिस्टरच्या कारखान्यात. दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची छोटी मोटर बसवली. यंत्र तेवढ्यापुरते फिरवायचे आहे, दिवसभर नव्हे. तेव्हा लहान मोटरकडूनही काही क्षण तिच्या ताकदीबाहेरचे काम करून घेता येते, हे त्यांनी तिथे ओळखले.

पुढे सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या धान्याच्या कोठारात त्यांची खटपट सुरू झाली. तिथूनच १९०९ साली डेल्को ही कंपनी निघाली. कॅडिलॅक मोटारींचे प्रमुख हेन्री लेलंड त्यांचे गिऱ्हाईक होते. लेलंड यांचे स्नेही बायरन कार्टर एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेले, हँडलचा तडाखा जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यात ते दगावले, अशी कथा मोटारींच्या इतिहासात सांगितली जाते. तिचे तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. पण हँडलने हात मोडलेली माणसे गावोगाव होती, हे खरे.

इंजिन फिरवायला लागणारी विजेची मोटर गाडीत मावणारच नाही, असे जाणत्यांचे मत होते. केटरिंग यांनी गल्ल्याचा अनुभव इथे लावला. इंजिनाला काही सेकंदांचा जोरदार धक्का पुरे! तो धक्का बॅटरीने द्यायचा आणि एकदा इंजिन चालू झाले की त्याने त्याच यंत्राचा जनरेटर करून बॅटरी पुन्हा भरायची. १९११ च्या आरंभी ही जुळणी यशस्वी झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या हँडल न मारता सुरू होऊ लागल्या.

याचा फायदा केवळ मनगटांना झाला असे नाही. हँडल नको म्हणून अनेक स्त्रिया तोवर विजेवर चालणारी मोटार पसंत करत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यांच्याकडेही तशीच गाडी होती. स्टार्टर आला आणि पेट्रोलची गाडी कोणालाही एकट्याने काढता येऊ लागली. विजेच्या मोटारी मागे पडल्या, त्या थेट आपल्या काळात परतल्या.

इथेच गोष्ट संपती तर केटरिंग यांच्याविषयी केवळ कौतुकाने लिहिता आले असते. पण पुढे ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. इंजिन ठोके देते, नॉकिंग करते, ही तेव्हाची मोठी तक्रार होती आणि तिचे खापर केटरिंग यांच्याच बॅटरीवरच्या ठिणगीवर फोडले जाई. त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांनी १९२१ साली तोड काढली : पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळायचे. नॉकिंग थांबले. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तरीही धंदा थांबला नाही. हे शिसे जगभरच्या मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. जगात शेवटी ती अल्जीरियात २०२१ साली बंद झाली.

फ्रिजमधला विषारी वायू जाऊन निरुपद्रवी फ्रेऑन आला, तोही याच प्रयोगशाळेच्या प्रयत्नांतून. पुढे तो ओझोनच्या थराला मारक ठरला. कर्करोगाच्या संशोधनासाठी १९४५ साली निघालेल्या संस्थेला स्लोन यांच्या जोडीने केटरिंग यांचे नाव आहे. १९५८ साली ते वारले. मला हा माणूस दुष्ट वाटत नाही. समोरची अडचण ते चोख सोडवत. मात्र तिथून हलवलेला धोका कुठे जाऊन बसतो, इकडे त्यांचे लक्ष कमी पडले.

हँडलचा धोका असाच बॉनेटखालच्या पेटीत जाऊन बसला आहे. शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेले गंधकाम्ल अशी ही बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली शोधली. आजच्या गाडीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे मिळून १२ व्होल्ट होतात. एवढ्याने शॉक बसत नाही. पण दोन टोकांमध्ये पान्हा आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहून तो लाल होतो, आणि बोटात अंगठी असेल तर बोट भाजते. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. एक ठिणगी, आणि पेटी फुटून ॲसिड तोंडावर!

म्हणून बॅटरी बदलण्याआधी गाडीची पुस्तिका पाहावी. काही नव्या गाड्यांत हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे लागते. घरी करायचेच तर जागा हवेशीर हवी, विडी-सिगारेट दूर हवी. चावी काढून घ्यावी. अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवाव्यात. हातमोजे आणि चष्मा घालावा. आधी निगेटिव्ह म्हणजे काळी तार सोडवावी, मग लाल. गाडीचा सारा लोखंडी सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. लाल तार आधी सोडवायला गेलात आणि पान्हा सांगाड्याला टेकला, तर शॉर्ट सर्किट ठरलेले. काळी तार सुटली, की ही भीती राहत नाही.

मग पकड सैल करून बॅटरी दोन्ही हातांनी, न कलंडता उचलावी. वजन दहा-पंधरा किलो असते, कंबर सांभाळावी. नवी बॅटरी त्याच मापाची आणि टोके त्याच बाजूंना असलेली हवी. बसवताना क्रम उलटा : आधी लाल, शेवटी काळी. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे पाण्याची धार धरून लगेच डॉक्टर गाठावा.

राहिली जुनी बॅटरी. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती भंगारवाल्याकडे देण्याचा मोह होतो. तिथून ती अनेकदा उघड्यावरच्या भट्टीत जाते. ॲसिड गटारात ओततात, शिसे वितळवतात आणि त्याची धूळ शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या अंगात जाते. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आपल्याकडे २००१ साली झाले आणि २०२२ साली नव्याने आले. दुकानदार जुनी बॅटरी घेऊन नवीच्या किमतीत सूटही देतो. ती त्यालाच परत करावी आणि पावती मागून घ्यावी. आपल्या गाडीतले शिसे कुठे जाते, हे विचारणे आपल्या हातात आहे.