तुरुंगाधिकाऱ्याच्या कामाचे माप

तुरुंगावरील अधिकाऱ्याचे काम चांगले की वाईट, हे कशावरून ठरवावे? रूढ कसोटी एवढीच की, कैदी पळाला नाही व दंगा झाला नाही, म्हणजे अधिकारी उत्तम. ही कसोटी अपुरी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, व त्यासाठी कै. गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो.

आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू गावी गरिबीत जन्मले. एम. ए. होऊनही मोठ्या पगाराची नोकरी न धरता ते शिक्षक झाले, आणि १८८१ साली 'केसरी'चे पहिले संपादक. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयी लेख छापल्यावरून दिवाण बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली, व जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद होऊन त्यांची रवानगी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबरला, १०१ दिवसांनी, ते बाहेर आले, तेव्हा टिळकांचे वजन २४ पौंडांनी व आगरकरांचे १६ पौंडांनी घटले होते. रूढ कसोटीने पाहता त्या तुरुंगाच्या कारभारात काहीच उणे नव्हते. कैदी जागच्या जागी होते!

नायगावच्या बाजारातील व्यापारी केवळ कुलूप शाबूत राहिले म्हणून मुनिमास शाबासकी देत नाही. तो माल काट्यावर घालतो व वही ताडून पाहतो. मग ज्याच्या हाती जिवंत माणसे सोपविली, त्याचा हिशेब कुलपावरून का घ्यावा?

आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहून तुरुंगाची भिंत वाचकांपुरती तरी पारदर्शक केली. पुढे १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला, १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, व दम्याने जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी अवघ्या अडतिसाव्या वर्षी निवर्तले. परंतु प्रत्येक कैदी आगरकर नसतो. निरक्षर कैद्याचे १०१ दिवस कोण लिहिणार?

म्हणून आमची सूचना अशी की, अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात कैद्यांचे वजन व आजार, घरची पत्रे व भेटी, शिकविलेले अक्षर व धंदा यांची नोंद असावी. आणि तक्रार ऐकणारा त्याच्या हाताखालचा नसावा. त्याचबरोबर, जागेहून अधिक कैदी ज्याच्या माथी मारले आहेत, त्याचे माप घेताना ती अडचणही मोजावी. कैद्याच्या वर्तनाची नोंद सरकार ठेवतेच. अधिकाऱ्याच्या वर्तनाचीही तितक्याच काटेकोरपणे ठेवावी, हाच खरा न्याय होय.