स्टेशनमास्तर नसलेलं नेटवर्क आणि डायक्स्ट्रांची दोन पानं

गोंदिया जंक्शनवरून जबलपूरकडे कधीकाळी नॅरोगेजची गाडी जायची. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही रेल्वेची जुनी पद्धत. एका वेळी एकच टोकन बाहेर, म्हणून त्या टप्प्यात गाडीही एकच.

पण गडबडीत दोन टोकनं फिरू लागली तर? रेल्वेत स्टेशनमास्तर निस्तरतो. कॉम्प्युटरच्या नेटवर्कमध्ये सगळ्यांवर नजर ठेवणारा असा मास्तर नसेल, तर चूक कोण दुरुस्त करणार?

हा प्रश्न घेऊन बसले एड्सगर डायक्स्ट्रा. जन्म 1930, नेदरलँड्समधलं रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. 1957 मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' सांगितला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला! शेवटी भौतिकशास्त्रज्ञ लिहावं लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी कॅफेत कॉफी पिताना त्यांनी सर्वात जवळचा रस्ता शोधायची रीत वीसेक मिनिटांत मनातल्या मनात रचली होती. त्याच रीतीमुळे त्यांचं नाव आजही घेतलं जातं. 1972 मध्ये ट्युरिंग पुरस्कारही मिळाला.

टोकनचं उत्तर आलं 1974 मध्ये, अवघ्या दोन पानांत. समजा, गोलात बसलेल्या प्रत्येक मशीनकडे एक आकडा आहे. प्रत्येकाने फक्त डावीकडच्या शेजाऱ्याचा आकडा बघायचा. वेगळा असेल तर तो उतरवून घ्यायचा. पहिल्या मशीनचा नियम उलटा: सारखा असेल तर आपला आकडा एकने वाढवायचा, आणि ठरलेल्या मर्यादेनंतर पुन्हा शून्यावर यायचं. ज्याला बदल करता येतो, त्याच्याकडे टोकन. बिघाडाने आकडे कितीही विस्कटू देत, आकड्यांची मर्यादा पुरेशी मोठी असली की थोड्या वेळाने टोकन एकच उरतं. कुणी फोन करत नाही, कुणी रीस्टार्ट मारत नाही.

इतकी भारी कल्पना, पण जवळपास दशकभर तिच्याकडे फारसं कुणी बघितलंच नाही. कदाचित दोनच पानं असल्यामुळे असेल. 1983 मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेतल्या भाषणात तिचं महत्त्व सांगितलं, तेव्हा कुठे संशोधक तिच्याकडे वळले.

डायक्स्ट्रा स्वतः मात्र कागदावर फाउंटन पेनने लिहीत राहिले. अशी तेराशेहून अधिक टिपणं त्यांच्या नावावर आहेत.

2002 मध्ये या दोन पानांना त्याच परिषदेचा पुरस्कार मिळाला. 6 ऑगस्टला कॅन्सरने त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षीपासून त्या पुरस्कारालाच डायक्स्ट्रांचं नाव दिलं गेलं.