कोळसा खाणीतला पोरगा पार्लमेंटात पोहोचला : कीर हार्डी

15 ऑगस्ट म्हटले की आपल्याला तिरंगा आठवतो. याच तारखेला, 1856 साली, स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर भागात एका मोलकरणीच्या पोटी एक मूल जन्मले. पुढे हाच मुलगा इंग्लंडच्या मजूर पक्षाचा संस्थापक म्हणून ओळखला गेला. जेम्स कीर हार्डी हे त्याचे नाव. आपल्या मुलांना हे नाव शाळेत सहसा भेटत नाही, म्हणून आज आम्ही त्यांच्याबद्दल लिहीत आहोत.

जन्मदात्या बापाचे छत्र त्याला मिळालेच नाही. आई मेरी कीर हिने पुढे डेव्हिड हार्डी नावाच्या जहाजावरच्या सुताराशी लग्न केले. घरात खाणारी तोंडे वाढत गेली आणि कमाई मात्र अपुरीच राहिली. शाळेत जायच्या वयात हा पोरगा ग्लासगोत निरोप्याचे काम करू लागला. नंतर तो एका बेकरीत लागला. रोज साडेबारा तास काम आणि आठवड्याला साडेतीन शिलिंग मजुरी. तेव्हा जहाज कारखाने बंद असल्याने सावत्र वडिलांना काम नव्हते, धाकटा भाऊ मरणाच्या दारात होता आणि आई बाळंत होणार होती. घर फक्त या पोराच्या कमाईवर चालायचे.

रात्रभर भावाजवळ जागून तो सकाळी थोडा उशिरा कामावर पोहोचला. असे दोनदा झाले. मालक मोठा धार्मिक माणूस, घरात जेवणाआधी प्रार्थना करणारा. त्याने भरल्या टेबलासमोर पोराला उभे केले, कामावरून काढले आणि दंड म्हणून मजुरीही कापली. उशीर का झाला, हे विचारलेसुद्धा नाही. हा प्रसंग हार्डी आयुष्यभर विसरले नाहीत.

दहाव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत उतरला. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून बसवलेले दार उघडायचे आणि लावायचे, एवढेच काम. पण दहा दहा तास काळोखात एकट्याने बसायचे. आईने त्याला वाचायला शिकवले होते. लिहायला तो रात्रशाळेत शिकला. लघुलिपी तर त्याने खाणीतच गिरवली. दिव्याची वात सारखी करायची तार घ्यायची आणि काळवंडलेल्या दगडावर अक्षरे ओढायची. पाटी नाही, वही नाही, म्हणून तो थांबला नाही.

तरुणपणी ते दारूबंदीच्या चळवळीत शिरले. पगाराच्या दिवशी मजुराचे पैसे कुठे जातात आणि घरी बायकापोरांचे काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. स्वतः त्यांनी दारू वर्ज्य केली. सभांतून बोलण्याची सवयही इथेच लागली. मग खाणमजूर आपली गाऱ्हाणी त्यांच्या तोंडून मांडू लागले. मालकांना हे खपले नाही. एके दिवशी ते पाळण्यातून खाणीत उतरत असताना पाळणा मध्येच थांबवून वर ओढला गेला आणि त्यांना हाकलून दिले. धाकट्या भावांचेही काम गेले. आसपासच्या खाणींची दारे त्यांना बंद झाली.

पण हातात लेखणी आली होती. एअरशायरमध्ये त्यांनी मजुरांची संघटना बांधली, पोटासाठी वर्तमानपत्रात लिहिले आणि 1887 मध्ये मजुरांचे स्वतःचे पत्र काढले. 1888 साली ते मिड-लॅनार्कच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. लिबरल पक्षाने निरोप पाठवला, की आता माघार घ्या, पुढे खात्रीची जागा देऊ आणि वर्षाला 300 पौंडही मिळतील. घरी तंगी असूनही त्यांनी नकार दिला. मते पडली फक्त 617. त्याच वर्षी त्यांनी स्कॉटिश मजूर पक्ष उभा केला आणि चार वर्षांनी, 1892 मध्ये, लंडनच्या वेस्ट हॅम साउथमधून ते निवडून आले. खासदारांना तेव्हा पगार नसायचा. उंची टोप्यांच्या त्या सभागृहात ते साध्या कपड्यांत आणि साध्या टोपीत गेले.

23 जून 1894 रोजी वेल्समधल्या एका खाणीत स्फोट होऊन अडीचशेहून जास्त मजूर मेले. त्याच दिवशी राजघराण्यात मुलगा जन्मला. पार्लमेंटात अभिनंदनाचा ठराव आला. मेलेल्या मजुरांच्या घरच्यांसाठी दोन शब्द दुःखाचे असावेत, एवढेच हार्डींचे मागणे होते. तेही नाकारले गेले, तेव्हा त्यांनी भर सभागृहात ठरावाला विरोध केला. चोहीकडून आरडाओरड झाली, पण ते बोलत राहिले. पुढच्या वर्षी त्यांची जागा गेली. 1900 साली मात्र वेल्समधल्याच मर्थर टिडफिलच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. 1906 मध्ये मजूर पक्षाचे 29 खासदार झाले आणि हार्डी त्यांचे पहिले नेते.

1907 मध्ये ते हिंदुस्थानात आले. कॅनडासारखा स्वतःचा कारभार या देशालाही मिळावा, असे त्यांचे मत होते. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आग ओकली. तरी मायदेशी परतल्यावर त्यांनी हिंदुस्थानवर पुस्तकच लिहिले. 26 सप्टेंबर 1915 रोजी ग्लासगोत त्यांचे निधन झाले. मंत्रिपद त्यांना कधी मिळाले नाही.

आम्हाला राहून राहून ती बेकरी आठवते. आपल्या मोहल्ल्यातही शाळा सुटलेली पोरे गॅरेजात आणि हॉटेलांत राबतात. मजुराचा हक्क वेळेवर द्यावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. दुकानात आपल्या हाताखाली एखादा पोरगा असेल आणि तो उशिरा आला, तर पगार कापण्याआधी निदान विचारू या, की बाबा, घरी सगळे ठीक आहे ना? आणि संध्याकाळी त्याला तासभर तरी पुस्तकासाठी मोकळा सोडू या.