मौनाची शिकवण : रमण महर्षी

एखाद्याला अंतरंगात गवसलेले सत्य दुसऱ्याला देता येते का, हा अध्यात्मविचारातील जुना प्रश्न आहे. रमण महर्षींचे चरित्र या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

त्यांचे मूळ नाव वेंकटरमण. त्यांचा जन्म ३० डिसेंबर १८७९ रोजी तमिळनाडूतील तिरुचुळी या गावी झाला. १८९२ साली पितृछत्र हरपल्यावर ते मदुराईला काकांकडे राहू लागले. अभ्यासापेक्षा त्यांचा ओढा खेळांकडे अधिक होता.

जुलै १८९६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, कोणताही आजार नसताना मृत्यूच्या भयाने त्यांना एकाएकी ग्रासले. कोणालाही हाक न मारता ते प्रेतवत ताठ निजले, त्यांनी श्वास रोखला आणि देहाबरोबर मरणारा कोण, याचा शोध घेतला. आपले खरे स्वरूप देहाहून वेगळे आहे, याची त्यांना साक्षात प्रचीती आली. भय कायमचे मावळले. हा अनुभव देणारा कोणी देहधारी गुरू त्यांच्यासमोर नव्हता.

काही आठवड्यांतच त्यांनी गृहत्याग केला. १ सप्टेंबर १८९६ रोजी ते तिरुवन्नमलैला पोहोचले आणि अरुणाचल पर्वताचा परिसर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. आरंभीची अनेक वर्षे ते जवळजवळ मौनच होते. १८९८ साली आई अळगम्माळ त्यांना घरी न्यायला आल्या. त्यांच्या अश्रूंनीही मौन सुटले नाही. जे विधिलिखित आहे ते टळत नाही, अशा आशयाचे उत्तर मुलाने लिहून दिले आणि माता रिकाम्या हाताने परतली.

पुढे जिज्ञासू येऊ लागले. १९०२ साली शिवप्रकाशम् पिळ्ळै यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही महर्षींनी लिहूनच दिली. त्यांतून ‘नान यार’ ही पुस्तिका सिद्ध झाली. प्रश्न विचारणारा मी कोण, हे प्रत्येकाने स्वतःच शोधावे, हे तिचे सार. १९०७ साली गणपति मुनींनी त्यांना महर्षी म्हणून गौरविले. तथापि स्वतः महर्षींनी कोणाला विधिपूर्वक दीक्षा दिली नाही. शब्दांहून मौन अधिक समर्थ, अशी त्यांची धारणा होती. दूरदेशींहून आलेले लोकही त्यांच्या सान्निध्यात तासन्‌तास स्तब्ध बसत.

१९१६ साली आई पुन्हा आल्या, त्या कायमच्या राहण्यासाठी. १९ मे १९२२ रोजी त्यांच्या अंतकाळी महर्षी एक हात त्यांच्या हृदयावर व दुसरा मस्तकावर ठेवून दिवसभर बसून राहिले. ज्या मातेला त्यांनी एकदा रित्या हाती परत पाठविले होते, तिला अखेरच्या क्षणी त्यांनी आपले सान्निध्य दिले. तिच्या समाधीभोवती आज प्रसिद्ध असलेला रमणाश्रम उभा राहिला.

१४ एप्रिल १९५० रोजी महर्षींचे महानिर्वाण झाले. अनुभव वाटता येत नसला, तरी त्याच्याकडे जाणारी वाट दाखविता येते आणि वाटसरूजवळ शांतपणे बसता येते, हे त्यांच्या जीवनातून उमगते.