कै. कर्नल सी. के. नायडू

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेच्या मैदानावर जो मुलगा पहिल्याच चेंडूवर डोळे मिटून फळी फिरवितो, त्यास आपण धाडसी म्हणतो; आणि लगेच त्याचा त्रिफळा उडाला म्हणजे दैवास दोष देतो. धाडस आणि उतावीळपणा यांत अंतर किती, हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने आपल्याच विदर्भात जन्मलेल्या एका खेळाडूचे चरित्र अवश्य अवलोकन करावे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका तेलुगू कुटुंबात झाला. उंच, सडपातळ बांधा, ताठ मान आणि मितभाषी स्वभाव अशी त्यांची मूर्ती होती. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघातर्फे युरोपियनांविरुद्ध ते प्रथम उतरले, तेव्हा ७९ धावांत ७ गडी बाद झाले होते. या नवख्या तरुणाने पहिले तीन चेंडू शांतपणे थोपविले आणि चौथा षटकारासाठी सीमेपार धाडला. मित्रहो, चौथ्या चेंडूची कीर्ती पुष्कळ झाली. परंतु त्याआधीचे तीन चेंडू विसरू नका. आधी पारख आणि मग प्रहार, हेच त्यांच्या पुढील साऱ्या खेळाचे सूत्र होय.

१९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदुरास गेले. तेथे त्यांना सैन्यात अधिकारपद मिळाले आणि तेच त्यांचे कायमचे घर झाले. पुढे १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा बलाढ्य संघ हिंदुस्थानात आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाविरुद्ध पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या. त्यांत एकट्या गाय अर्ल याच्या १३० धावा होत्या व त्याने ८ षटकार ठोकले होते. अशा प्रसंगी सामान्य फलंदाज जीव मुठीत धरून खेळता. नायडूंनी त्याच्या उलट केले. १ डिसेंबर रोजी दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा काढल्या व ११ षटकार मारले. ही वार्ता शहरात पसरताच लोकांचे थवे मैदानाकडे लोटले. असा प्रहार होऊ लागला म्हणजे गोलंदाजाचा टप्पा चुकू लागतो, संघनायकास क्षेत्ररक्षक सीमेकडे पांगवावे लागतात, आणि मग एकेरी धावाही सुलभ होतात. आक्रमणाचे मर्म ते हेच. पाहुण्यांनी चांदीची फळी देऊन त्यांचा गौरव केला. याच दौऱ्यात मुंबईस प्रा. दि. ब. देवधरांनीही १४८ धावा केल्या. हिंदी खेळाडू कसोटी सामन्यास पात्र आहेत, अशी पाहुण्यांची खात्री पटली. १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले व १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याची वाट मोकळी झाली.

आगबोटीचा प्रवास, परकी हवा, ओलसर मऊ खेळपट्ट्या, आणि त्यांवर प्रथम दर्जाचे २६ सामने! आपल्याकडे अनेक ठिकाणी काथ्याच्या चटईवर खेळण्याचा परिपाठ होता. तेथे तर हिरवळीवर हेलकावणाऱ्या चेंडूशी गाठ. मे महिन्यापासूनच्या सामन्यांत हे शिकत शिकतच संघास लॉर्ड्स गाठावयाचे होते. दौऱ्याचे नायक पोरबंदरचे महाराज व उपनायक लिंबडीचे घनश्यामसिंहजी होते. परंतु कसोटीत ते दोघेही खेळले नाहीत आणि नेतृत्व नायडूंकडे आले. त्यांच्या करड्या शिस्तीमुळे काही सोबती नाराज होते, हेही येथे सांगितले पाहिजे. तथापि २५ जून १९३२ रोजी भारताचे पहिले कसोटी नायक म्हणून तेच मैदानात उतरले. महंमद निस्सार व अमरसिंग या वेगवान जोडीने आरंभीच मारा केला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. पुढे क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हातास इजा झाली. तरी दुखऱ्या हाताने खेळून पहिल्या डावात संघात सर्वाधिक ४० धावा त्यांनीच केल्या. सामना १५८ धावांनी गेला. पण हा संघ कच्चा नाही, हे जगाने पाहिले. त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत १६१८ धावा केल्या व ६५ बळी घेतले. पुढील वर्षी विस्डेन या वार्षिकाने त्यांस पाच सर्वोत्तम खेळाडूंत स्थान दिले.

१९३६ च्या दौऱ्यात नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. खेळाच्या दृष्टीने हा नायक नायडूंच्या पासंगासही पुरता ना. तरीही ते संघात राहून खेळले. ओव्हल येथील आपल्या अखेरच्या कसोटीत, चेंडूचा जबर मार अंगावर सोसून त्यांनी ८१ धावा केल्या. अवघे ७ कसोटी सामने व ३५० धावा, शतक एकही नाही! केवळ आकडे मोजणारास हा मनुष्य कळावयाचा नाही.

त्यांची खरी तयारी पुढे दिसली. होळकर संघाचे नेतृत्व त्यांनी दीर्घकाळ केले, आणि त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पैकी १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा केल्या, तेव्हा त्यांस पन्नास वर्षे पूर्ण झाली होती! पुढे मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकरांच्या उसळत्या चेंडूने त्यांचे दात पडले. दात खेळपट्टीवरून बाजूस सारून त्यांनी डाव चालू ठेवला. रणजी सामन्यांत ते वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत खेळले. नियमित व्यायाम आणि मर्यादशील राहणी यांवाचून हे घडते काय? १९५६ साली त्यांस पद्मभूषण मिळाले आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरास त्यांचा देहान्त झाला.

योगायोग पाहा. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाच्या संघाने दिल्लीस हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तो इंदूरच्याच होळकर मैदानावर. नागपूरच्या ज्या पुत्राने इंदुरास कीर्ती दिली, त्याच्या कर्मभूमीत त्याच्या जन्मभूमीस यश लाभले.

यवतमाळहून नागपूर काही फार दूर नाही, आणि काळ्या मातीच्या मैदानावरही हात बसतो. म्हणून मुलांनो, चौथा चेंडू अवश्य टोलवा. पण आधीचे तीन नीट पाहून घ्या. आणि पालकहो, आपला मुलगा पहाटे उठून सरावास निघाला, तर तो वेळ वाया गेला असे मानू नका.