विश्लेषण : मुंबईतल्या गर्भवतींच्या ॲनिमियातून फॉलेट कसे सापडले? डॉ. लुसी विल्स कोण होत्या आणि आजच्या ‘एमटीएचएफआर’ चाचणीशी त्यांचा काय संबंध?

एकदोन गर्भपात झाल्यानंतर केलेल्या तपासण्यांच्या गठ्ठ्यात हल्ली एक कागद हमखास असतो. त्यावर एमटीएचएफआर असे जनुकाचे नाव असते आणि पुढे ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा. तो वाचून घरात धास्ती पसरते. दोष आपल्या रक्तात आहे, तो पुढच्या पिढीत जाणार, असे वाटू लागते. हे जनुक शरीरातल्या फॉलेट या जीवनसत्त्वाच्या वापराशी निगडित आहे. या फॉलेटचा माग पहिल्यांदा लागला तो परळच्या हाफकिन संस्थेत काम करणाऱ्या एका इंग्रज स्त्री डॉक्टरला. डॉ. लुसी विल्स यांनी तेव्हा जे तपासले, त्याचा उपयोग हा अहवाल वाचतानाही होतो.

वनस्पतिशास्त्राकडून वैद्यकाकडे

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घरची स्थिती चांगली होती, वडील विज्ञानाचे पदवीधर. मुलींच्या शिक्षणाला घरातून विरोध नव्हता. चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेतून त्या १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. विषय होते वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र. १९११ मध्ये परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना शिकू देई, परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. हा नियम बदलायला १९४८ साल उजाडले.

पुढची वर्षे कठीण गेली. १९११ मध्ये वडील वारले, दोन वर्षांनी थोरली बहीण गेली. लुसी आईबरोबर सिलोनला जाऊन आल्या, मग दक्षिण आफ्रिकेला गेल्या. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या तिथेच होत्या. केप टाऊनमध्ये त्यांनी स्वयंसेविका म्हणून परिचारिकेचे काम केले. १९१५ मध्ये लंडनला परतून त्यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. रोगी तपासण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळेत जास्त रस होता. रॉयल फ्री रुग्णालयाच्या रासायनिक विकृतिशास्त्र विभागात त्या गर्भवतींच्या शरीरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास करू लागल्या.

मुंबईत काय घडले?

त्या काळी भारतात बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांपैकी अनेकींना गर्भारपणात तीव्र ॲनिमिया होत असे. चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई, दम लागे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले तर तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. भारतातील स्त्री-वैद्यकीय सेवेत काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सुचवण्यावरून विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. हाफकिन संस्थेत माता-मृत्यूंची चौकशी सुरू होती, तिचा त्या भाग झाल्या. या कामाला लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचा पैसा होता.

हा आजार गरीब स्त्रियांत, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांत जास्त दिसे. कारण काय असावे? त्या काळच्या वैद्यकाचा कल जंतू शोधण्याकडे होता. विल्स यांनी मात्र कोणत्या घरातली बाई रोज काय खाते याची नोंद ठेवायला सुरुवात केली. वेगवेगळ्या समाजांतील आणि आर्थिक थरांतील स्त्रियांचा आहार त्यांनी ॲनिमियाच्या नोंदींशी ताडून पाहिला. सर्वात निकृष्ट आहार आणि सर्वात जास्त ॲनिमिया, दोन्ही गरीब मुस्लिम स्त्रियांत आढळले. गोष्ट समाजाची नव्हती, ताटाची होती.

मग प्रयोग उंदरांवर. गर्भार उंदरांना या स्त्रियांसारखाच आहार दिला, तर त्यांना ॲनिमिया झाला. आधी संशय अ आणि क जीवनसत्त्वांवर गेला, पण तो टिकला नाही. आहारात यीस्ट मिसळले की उंदरांचा ॲनिमिया टळे. इथे एक घोळही झाला. उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे पसरणारा एक जंतूही ॲनिमिया घडवत होता, त्यामुळे निष्कर्षांवर शंका घेता येत होती. विल्स यांनी मग माकडांवर प्रयोग केले. १९२९ मध्ये त्यांनी काही महिने निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत काम केले, १९३१ च्या सुरुवातीला मद्रासच्या रुग्णालयात.

पावाला लावायच्या मार्माइटने ॲनिमिया कसा बरा झाला?

मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात. स्वस्त, सहज मिळणारा. विल्स यांनी तो ॲनिमियाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि काही दिवसांतच रक्तात नव्या, तरुण तांबड्या पेशी दिसू लागल्या. मरणाच्या दारातल्या बायका उठून बसल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

खरी मोलाची गोष्ट त्यापुढची आहे. तेव्हा युरोप-अमेरिकेत ‘पर्निशस ॲनिमिया’ या जवळजवळ तशाच दिसणाऱ्या आजारावर प्राण्यांच्या यकृताचा उपचार नुकताच सापडला होता. त्यासाठी तीन अमेरिकी डॉक्टरांना १९३४ चे नोबेलही मिळाले. मुंबईतला आजार तोच असेल, असे म्हणून विषय संपवता आला असता. पण विल्स यांना असे दिसले, की कच्चा, अशुद्ध यकृत-अर्क त्यांच्या रुग्णांना लागू पडतो, शुद्ध केलेला अर्क मात्र पडत नाही. म्हणजे शुद्धीकरणात जे निघून जाते, तेच या बायकांना हवे होते. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे आजार दोन होते आणि कमतरताही दोन. पर्निशस ॲनिमियातली कमतरता बी-१२ ची, हे १९४८ मध्ये कळले. दुसरा, अनामिक घटक ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

१९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळे केले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. ते प्रयोगशाळेत तयार करण्याचे काम १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडरली कंपनीत झाले, त्या गटाचे प्रमुख भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. विल्स फॅक्टर तो हाच, हे मग स्पष्ट झाले.

उत्तरायुष्य

१९३३ मध्ये विल्स लंडनला परतल्या. १९३७ च्या अखेरीस दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिनमध्ये आल्या, तेव्हा विमानाने. महायुद्धात त्या रॉयल फ्रीमध्येच काम करत राहिल्या. १९४४ मध्ये या रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडला. १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, पण जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असे पोषणाच्या अभ्यासासाठी फिरतच राहिल्या. लग्न केले नाही. मोटारीऐवजी सायकल पसंत करणाऱ्या, डोंगरांत रमणाऱ्या विल्स आयुष्याची शेवटची दहा वर्षे लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील हिबार्ड आणि स्मिथेल्स यांनी फॉलेटच्या वापरातील बिघाड आणि बाळाच्या मेंदू-कण्यातील जन्मजात दोष यांचा संबंध मांडला. १९९१ मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांवरील चाचणीने तो सिद्ध केला. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

एमटीएचएफआर जनुक काय करते?

पेशी दुभंगायची तर डीएनएची नवी प्रत लागते आणि त्यासाठी फॉलेट. ते कमी पडले की तांबड्या पेशी वाढतात, पण वेळेत दुभंगत नाहीत. म्हणून त्या मोठ्या दिसतात. फॉलेटचे दुसरे काम रक्तातल्या होमोसिस्टीन या घटकाला मार्गी लावण्याचे. त्यासाठी फॉलेटचे रूप बदलावे लागते आणि ते एमटीएचएफआर हे एन्झाइम करते. त्याचा नकाशा असलेल्या जनुकात ६७७ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललेले असू शकते. हा सी६७७टी बदल १९९५ मध्ये कॅनडातील रीमा रोझेन यांच्या गटाने शोधला.

हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला असेल तर एन्झाइमची क्षमता साधारण ३० टक्क्यांवर येते, एकाकडूनच आला असेल तर सुमारे ६५ टक्के राहते. आकडे भीतिदायक वाटतात, पण तो रोग नव्हे. युरोप-अमेरिकेतल्या अनेक गटांत दर दहांपैकी सुमारे एका माणसात दुहेरी बदल असतो, भारतात त्याहून बराच कमी. एकेरी बदल तर अगदी सामान्य. अहवालातला ‘पॉझिटिव्ह’ शब्द अनेकदा एवढ्याचसाठी असतो.

मग धोका कुठे? हे बदललेले एन्झाइम ठिसूळ असते, पण शरीरात फॉलेट पुरेसे असेल तर ते बऱ्यापैकी टिकून काम करते. होमोसिस्टीन वाढते ते मुख्यतः दुहेरी बदल आणि कमी फॉलेट एकत्र आल्यावर. बी-२ जीवनसत्त्वाचाही यात वाटा आहे, ते या एन्झाइमचा जोडीदार आहे. (यीस्टमध्ये तेही असते.) आईत दुहेरी बदल असेल तर बाळात मेंदू-कण्याच्या दोषाची शक्यता सुमारे दुप्पट होते असे अभ्यास सांगतात, पण मुळात ती शक्यता कमी असते आणि फॉलिक ॲसिडने आणखी घटते. सारख्याच मात्रेत गोळ्या घेणाऱ्यांत दुहेरी बदल असलेल्यांचे रक्तातील फॉलेट इतरांपेक्षा सरासरी १६ टक्केच कमी भरते. म्हणून गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम हा सल्ला त्यांनाही लागू पडतो. महागड्या ‘मिथाइल’ गोळ्यांची सक्ती नाही. आधीच्या बाळात दोष असेल तर मोठी मात्रा लागते, ती डॉक्टरांनी ठरवायची.

हृदयविकाराबाबत आशा मोठी होती. होमोसिस्टीन कमी केले की झटके टळतील, असा कयास होता. २००६ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत तसे दिसले नाही. पण चीनमध्ये, जिथे पिठात फॉलिक ॲसिड मिसळले जात नाही, २० हजारांहून अधिक उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत रक्तदाबाच्या औषधाला त्याची जोड दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटल्याचे २०१५ मध्ये आढळले. जिथे ताटात कमी, तिथे फायदा.

चाचणी करावी का?

वारंवार गर्भपात किंवा रक्ताच्या गुठळ्या यांचे कारण शोधण्यासाठी ही चाचणी नेहमीची म्हणून सांगू नये, असे अमेरिकेच्या वैद्यकीय जनुकशास्त्र संघटनेने २०१३ मध्येच कळवले आहे. केलीच असेल आणि ‘पॉझिटिव्ह’ आली असेल, तर गर्भपाताची खरी कारणे शोधणे तेवढ्यावर थांबवू नये.

महाराष्ट्रापुरता मुद्दा आणखी वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, वाढलेल्या होमोसिस्टीनमागे बी-१२ ची कमतरता हे मोठे कारण निघाले. शाकाहारी घरांत ती विशेष आढळते. त्यांच्याच २००८ मधील अभ्यासात, गर्भारपणात फॉलेट भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या मातांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. विल्स यांनी वेगळे केलेले दोन आजार इथे पुन्हा समोरासमोर येतात. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, पण नसांची हानी चालूच राहते. त्यामुळे जनुकाच्या चाचणीवर खर्च करण्याआधी बी-१२, फॉलेट आणि हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. मेथी, पालक, चवळी, मूग, हरभरा, शेंगदाणे यांत फॉलेट भरपूर असते. भाजी उकळून तिचे पाणी मोरीत ओतले, तर त्याचा बराच भाग त्याबरोबर जातो.